एक सवलत आणि तिचा हिशेब: आजच्या विज्ञानकथा व अद्भुतकथा कशा रचल्या जातात

१९७१ साली अमेरिकेतील बोस्टन शहरी विज्ञानकथांच्या लेखकांचे व वाचकांचे एक जागतिक संमेलन भरले होते. आदल्याच वर्षी लॅरी निव्हन यांची ‘रिंगवर्ल्ड’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली होती व ती वाचकांच्या पसंतीस उतरली होती. संमेलनाच्या जागी निव्हन वावरत असता मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे काही विद्यार्थी मोठमोठ्याने घोषणा देत फिरत असलेले त्यांना आढळले. घोषणा एखाद्या राजकीय पक्षाची नव्हती. कादंबरीतील कडे अस्थिर आहे, एवढाच तिचा आशय होता.

हे कडे म्हणजे काय, ते आधी सांगितले पाहिजे. निव्हन यांनी असे कल्पिले की, कोणा प्राचीन व अतिशय कुशल अशा जातीने एका ताऱ्याभोवती पट्टीसारखे एक घन कडे बांधले आहे. ताऱ्यापासून ते सुमारे १५ कोटी किलोमीटर, म्हणजे सूर्यापासून पृथ्वी जितकी दूर आहे साधारण तितकेच दूर आहे. पट्टीची रुंदी सुमारे १६ लक्ष किलोमीटर. आतल्या बाजूस समुद्र, पर्वत, अरण्ये व वस्त्या. कड्याचा परीघ रुंदीने गुणून पाहिला, तर राहण्याजोगे क्षेत्रफळ पृथ्वीच्या संपूर्ण पृष्ठभागाच्या सुमारे ३० लक्ष पट भरते. कडे स्वतःभोवती फिरते व त्या फिरण्यामुळे त्यावरील वस्तू बाहेरच्या दिशेस, म्हणजे जमिनीकडे, दाबल्या जातात. ही दाब पृथ्वीवरील वजनाइतकी असावी तर कड्याची गती सेकंदास सुमारे १२०० किलोमीटर हवी. शालान्त वर्गातील कोणत्याही विद्यार्थ्याने गतीचा वर्ग करून त्यास त्रिज्येने भागावे, म्हणजे हा आकडा पडताळता येईल.

विद्यार्थ्यांची हरकत या आकड्यांवर नव्हती. ग्रह ताऱ्याभोवती फिरतो तेव्हा त्याची कक्षा टिकून राहते, लहानसहान धक्क्याने तो ताऱ्यात जाऊन पडत नाही. घन कड्याची गोष्ट निराळी आहे. तारा बरोबर केंद्रस्थानी असेल तोवर सर्व बाजूंची ओढ सारखी असते. पण कडे किंचित जरी एका बाजूस सरकले, तरी जो भाग ताऱ्याच्या जवळ आला त्यावरील ओढ वाढते, दूर गेलेल्या भागावरील कमी होते आणि ते जवळच्या बाजूने अधिकच आत ओढले जाते. अखेरीस कडे ताऱ्यास जाऊन भिडते. हे नवे ज्ञान नव्हे. शनीची कडी एकसंध घन असू शकत नाहीत, हे जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने याच धर्तीच्या विचाराने सिद्ध केले होते व त्याचा तो निबंध १८५९ साली छापला गेला होता.

निव्हन यांनी ही टीका हसण्यावारी नेली नाही. दहा वर्षांच्या आत त्यांनी दुसरा भाग लिहिला. त्यात कड्याच्या कडेने बसविलेली व त्यास जागच्या जागी ठेवणारी प्रचंड इंजिने आली, एवढेच नव्हे, तर ती नाहीशी होत चालल्यामुळे ओढवलेले संकट हाच कथेचा विषय झाला. त्याच पहिल्या कादंबरीत आणखी एक चूक होती. नायक आपला वाढदिवस लांबविण्यासाठी एका शहरातून दुसऱ्या शहरात क्षणार्धात जातो, परंतु पहिल्या आवृत्तीत तो पूर्वेकडे जात राहिला होता. पूर्वेस गेल्याने दिवस लांबत नाही, संपतो. पुढील मुद्रणात दिशा बदलावी लागली.

ज्या लेखकाने अख्खे जग काल्पनिक रचले, त्याला पृथ्वी कोणत्या दिशेस फिरते याबद्दल जाब विचारला जातो आणि तो देतो, ही गोष्ट पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. परंतु आजच्या विज्ञानकथेचे व तिच्या भगिनीचे, म्हणजे अद्भुतकथेचे, रचनाशास्त्र समजून घ्यावयाचे तर येथूनच आरंभ करणे सोयीचे आहे.

सवलत कोणती व किती

विज्ञानकथाकार वाचकाकडे एक सवलत मागतो. ‘अमुक एक गोष्ट, जी आज नाही किंवा कदाचित होणारही नाही, ती आहे असे धरा,’ असे तो म्हणतो. कालयंत्र आहे असे धरा. परग्रहावरील जीव आपल्याशी बोलू लागले आहेत असे धरा. वाचक उदारपणे ही सवलत देतो. परंतु ती एकदाच. त्यानंतर कथेतील सारे काही त्या गृहीतापासून रीतसर निष्पन्न झाले पाहिजे, बाकीचे जग आपल्या नेहमीच्या नियमांनी चालले पाहिजे. एच. जी. वेल्स याने आपल्या विज्ञानकथांच्या संग्रहास १९३३-३४ च्या सुमारास जी प्रस्तावना लिहिली तीत याच आशयाचे विवेचन आहे: अशक्य गोष्ट एकच असावी, तिच्याभोवतीचे सर्व काही घरगुती, ओळखीचे असावे, काहीही घडू शकते असे झाले की कशाचीच गोडी राहत नाही.

वेल्सवर ज्यूल व्हर्न रागावलेला होता. चंद्रावर जाण्यासाठी आपण तोफेचा गोळा वापरला, वेल्स मात्र गुरुत्वाकर्षणास अडविणारा कसलासा धातू काढतो, तो धातू त्याने दाखवावा, अशी व्हर्नची तक्रार होती. ती ऐकताना व्हर्नची बाजू खरी वाटते. हिशेब केला म्हणजे मात्र हसू येते. व्हर्नची तोफ ९०० फूट लांबीची आहे. तेवढ्या अंतरात गोळ्यास सेकंदाला ११ किलोमीटर गती द्यावयाची, तर आतील प्रवाशांचे वजन त्या क्षणी नेहमीच्या २० हजार पटींहून अधिक होईल व त्यांचा चेंदामेंदा होईल. वेल्सने आपली सवलत उघडपणे मागून घेतली होती. व्हर्नने ती न मागताच घेतली.

आजच्या लेखकास हा भेद फार महत्त्वाचा वाटतो. उघड मागितलेल्या सवलतीस वाचक क्षमा करतो. चोरून घेतलेल्या सवलतीस करीत नाही.

मेस्क्लिनवरील खलाशी

या पद्धतीचा पहिला मोठा कारागीर म्हणून हॅरी क्लेमंट स्टब्ज याचे नाव घेतले जाते. हॅल क्लेमंट या टोपणनावाने तो लिहीत असे. तो हार्वर्ड विद्यापीठाचा खगोलशास्त्राचा पदवीधर. दुसऱ्या महायुद्धात बाँबफेकी विमानाचा वैमानिक. पुढे आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकविणारा शिक्षक. त्याची ‘मिशन ऑफ ग्रॅव्हिटी’ ही कादंबरी १९५३ साली एका मासिकातून क्रमशः आली. तिचा जन्म कसा झाला याचा एक स्वतंत्र लेखही त्याने त्याच मासिकात त्याच वर्षी लिहिला. लेखकाने आपल्या कारखान्याचे दार असे उघडून दाखवावे, ही तेव्हा नवलाचीच गोष्ट होती.

हंस तारकासमूहात ६१ क्रमांकाचा एक जुळा तारा आहे. तो आपल्यापासून ११ प्रकाशवर्षांहून थोडा अधिक दूर आहे. त्याच्याभोवती गुरूच्या अनेक पट वस्तुमानाचा एक अदृश्य सोबती असावा, असा निष्कर्ष १९४० नंतरच्या दशकात एका खगोलशास्त्रज्ञाने काढला होता. क्लेमंटने तो उचलला. इतक्या जड गोलावर वजन इतके वाढेल की मनुष्य तेथे उभा राहू शकणार नाही. मग कथेत मनुष्य आणावयाचा कसा? क्लेमंटने उत्तर काढले ते असे की, ग्रह अतिशय वेगाने फिरू द्यावा. मेस्क्लिन नावाचा हा त्याचा ग्रह सुमारे १८ मिनिटांत एक फेरी पूर्ण करतो. कुंभाराच्या चाकावरील ओला गोळा पसरावा तसा तो विषुववृत्ताशी फुगला आहे, ध्रुवांशी चपटा झाला आहे. विषुववृत्तावर फिरण्याचा जोर ओढीच्या विरुद्ध काम करतो, म्हणून तेथे वजन पृथ्वीवरील वजनाच्या केवळ तिप्पट भरते. ध्रुवाशी ही मदत नसल्याने ते सुमारे ७०० पट होते. मनुष्य विषुववृत्तावर कष्टाने का होईना जगू शकतो. ध्रुवाशी त्याचे एक मौल्यवान यंत्र अडकून पडले आहे आणि ते आणावयाचे तर तेथील रहिवाशांवाचून गत्यंतर नाही. कथेचे बीज असे गणितातूनच रुजले.

यापुढील भाग अधिक शिकविणारा आहे. ७०० पट वजनाच्या प्रदेशात राहणारा प्राणी कसा असेल? उंच असणे त्यास परवडणार नाही. म्हणून क्लेमंटचे मेस्क्लिनवासी गोमेसारखे लांब, अनेक पायांचे, हातभराहून लहान आणि जमिनीस चिकटून चालणारे आहेत. ते समुद्रावर तराफ्यांची नौका चालवितात; समुद्र पाण्याचा नसून द्रवरूप मिथेनचा आहे, कारण तेथील थंडी भयंकर आहे. पण शरीरापेक्षा मनाचा विचार लेखकाने अधिक बारकाईने केला आहे. ध्रुवप्रदेशात १५ सेंटिमीटर उंचीवरून पडणे म्हणजे पृथ्वीवर १०५ मीटर उंचीवरून पडण्यासारखे आहे. अशा ठिकाणी वाढलेल्या प्राण्यास कशाच्याही खाली उभे राहण्याची भीती वाटेल; वस्तू फेकणे ही कल्पनाच त्यास सुचणार नाही, कारण हातातून सुटलेली वस्तू दिसण्यापूर्वीच जमिनीवर आदळलेली असते; उड्डाण ही गोष्ट तर त्याच्या दृष्टीने वेडगळपणाच. बार्लेनन नावाचा नौकेचा कप्तान विषुववृत्ताकडे येतो आणि हळूहळू ही भीती सोडावयास शिकतो. वाचक त्याच्या धैर्याचे कौतुक करू लागतो, तेव्हा गुरुत्वाकर्षणाचा धडा आपण केव्हा शिकलो हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

क्लेमंट या व्यवहाराकडे खेळ म्हणून पाहत असे. लेखकाने चूक टाळावयाची, वाचकाने ती शोधावयाची. तो खेळ तो हरलाही. पुढे अधिक काटेकोर गणित केल्यावर ध्रुवावरील आकडा ३०० पटींहूनही कमी येतो असे दिसून आले आणि त्याने ते मोकळेपणाने मान्य केले. ताऱ्याच्या त्या अदृश्य सोबत्यासही पुढील निरीक्षणांनी आधार दिला नाही. कादंबरी मात्र आजही वाचली जाते.

मंगळावरील वारा

अँडी वीअर यांचे उदाहरण अलीकडचे आहे. ते व्यवसायाने संगणकाचे कार्यक्रम लिहिणारे. मंगळावर एकटाच मागे राहिलेल्या एका अंतराळवीराची कथा त्यांनी प्रकरणाप्रकरणाने स्वतःच इंटरनेटवर वाचकांपुढे ठेवली, २०११ साली स्वखर्चाने पुस्तकरूप दिले व २०१४ साली एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने ते छापले. प्रकरणे प्रसिद्ध होत असता रसायनशास्त्र जाणणारे वाचक चुका कळवीत व लेखक त्या दुरुस्त करी. नायक अग्निबाणाच्या उरलेल्या हायड्रॅझिन इंधनाचे विघटन करून हायड्रोजन मिळवितो, तो जाळून पाणी करतो व त्या पाण्यावर बटाटे पिकवितो. अंतराळयानाचा प्रवासमार्ग काढण्यासाठी लेखकाने स्वतः गणनाचा कार्यक्रम लिहिला होता.

अशा या काटेकोर पुस्तकाचा आरंभच एका खोट्या गोष्टीने होतो. ताशी १७५ किलोमीटर वेगाच्या वादळामुळे मोहिमेस पळ काढावा लागतो व नायक मागे राहतो. वस्तुतः मंगळावरील वातावरणाची घनता पृथ्वीवरील हवेच्या सुमारे साठाव्या हिश्श्याइतकीच आहे. वाऱ्याचा जोर घनतेच्या प्रमाणात व वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. तेव्हा तेथील १७५ किलोमीटरचा वारा अंगास पृथ्वीवरील ताशी २२-२३ किलोमीटरच्या वाऱ्याइतकाच जाणवेल. त्याने झाडाची पाने हलतील, फांद्या मोडणार नाहीत. लेखकास हे ठाऊक होते. इंजिनाच्या स्फोटाने आरंभ करावा असा दुसरा पर्याय त्यांच्यापुढे होता, पण मनुष्य विरुद्ध निसर्ग अशा कथेत पहिला घाव निसर्गानेच घालावा म्हणून आपण ही मोकळीक घेतली, असे त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितले.

हा निर्णय बरोबर होता काय? आमच्या मते कथेच्या दृष्टीने तो समर्थनीय आहे, शाळेच्या दृष्टीने धोक्याचा आहे. पुस्तकाचा इतर भाग जितका अचूक, तितकी ही एक चूक वाचकाच्या मनात खरी म्हणून घट्ट बसते. गंमत अशी की, मंगळावरील धुळीच्या वादळाचा खरा धोका याच कादंबरीच्या उत्तरार्धात यथायोग्य आला आहे. तेथे वारा नव्हे, तर काळोख हा शत्रू आहे. सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या यंत्राची वीज हळूहळू घटत जाते आणि त्यावरून नायक वादळ ओळखतो. ‘ऑपॉर्च्युनिटी’ हे मंगळावरील खरे वाहन जून २०१८ मध्ये अशाच धुळीच्या काळोखात कायमचे मूक झाले. शिक्षकांनी वर्गात हे पुस्तक वाचावयास द्यावे. फक्त ती दोन वादळे शेजारी शेजारी ठेवावी.

ज्याची सवलत भाषेत आहे

टेड चिआंग यांनी १९९० पासून तीसएक वर्षांत अवघ्या दोन लहान संग्रहांइतक्याच कथा प्रसिद्ध केल्या. त्यांच्या समकालीनांपैकी कित्येकांनी तेवढ्या काळात वीस-वीस कादंबऱ्या लिहिल्या. उपजीविकेसाठी ते संगणकविषयक माहितीपुस्तिका लिहीत. ‘स्टोरी ऑफ युवर लाइफ’ ही त्यांची १९९८ ची दीर्घकथा भौतिकशास्त्रातील एका जुन्या तत्त्वावर उभी आहे.

समुद्रकिनाऱ्यावर वाळूत उभ्या असलेल्या माणसास पाण्यात बुडणारा मुलगा दिसला असे समजा. माणूस वाळूवर जलद धावतो, पाण्यात सावकाश पोहतो. सरळ रेषेत गेला तर पाण्यातील अंतर जास्त पडेल. वाळूवरून थोडे अधिक धावून मग पाण्यात शिरला तर वेळ वाचेल. प्रकाशाचा किरण हवेतून पाण्यात शिरताना नेमका असाच वाकतो. जेथून जेथवर जावयाचे त्यात ज्या मार्गाने सर्वांत कमी वेळ लागेल तो मार्ग प्रकाश घेतो, असे फ्रेंच गणिती फर्मा याने १६६२ साली मांडले. परंतु माणसास मुलगा दिसत होता. प्रकाशास मुक्कामाचे ठिकाण आधी कसे कळले? भौतिकशास्त्राचे उत्तर असे की, कळण्याची गरज नाही. क्षणोक्षणीच्या कारण-कार्याच्या नियमांनी तोच मार्ग मिळतो. दोन्ही वर्णने गणिताच्या दृष्टीने तुल्यबळ आहेत.

चिआंग यांनी विचारले: ज्या जीवांना दुसरे वर्णनच स्वाभाविक वाटते, त्यांचे मन कसे असेल? त्यांना आरंभ आणि शेवट एकदमच दिसत असतील. त्यांचे लेखन आपल्यासारखे एका शब्दामागून दुसरा असे चालणार नाही. संपूर्ण विधान एकाच आकृतीत एकदम उमटेल. त्यांची लिपी शिकणाऱ्या भाषाशास्त्रज्ञ स्त्रीला हळूहळू आपले पुढील आयुष्य, न जन्मलेल्या आपल्या मुलीचा अकाली मृत्यूदेखील, आठवणीसारखा दिसू लागतो, आणि तरीही ती त्या आयुष्याचा स्वीकार करते. येथील सवलत भाषेची आहे: भाषा शिकल्याने काळाचा अनुभवच बदलतो, हे भाषाशास्त्र मानीत नाही. ती एक गोष्ट दिली की उरलेले सारे फर्माच्या तत्त्वातून येते. २०१६ साली निघालेल्या चित्रपटात हा प्रकाशाचा भाग जवळजवळ गाळला गेला. चित्रपट चांगला आहे. पण घराचा पाया काढून घेऊन भिंती तेवढ्या दाखवाव्या तसे ते झाले.

चीनमधील ल्यू त्सिशिन हे वीजकेंद्रातील अभियंते होते. ‘तीन पदार्थांचा प्रश्न’ या अर्थाच्या नावाची त्यांची कादंबरी २००६ साली मासिकातून व २००८ साली ग्रंथरूपाने आली आणि तिच्या इंग्रजी भाषांतरास २०१५ चे ह्यूगो पारितोषिक मिळाले. परस्परांस ओढणाऱ्या तीन गोलांच्या गतीचे सर्वकाळ लागू पडेल असे सुटसुटीत सूत्र मिळत नाही. तीन सूर्यांच्या मध्ये सापडलेल्या ग्रहावर म्हणून ऋतू केव्हा येतील ते कोणी सांगू शकत नाही आणि संस्कृती पुनःपुन्हा जळते व गोठते. आपल्या शेजारच्या मित्र ताऱ्याच्या त्रिकुटाचा यासाठी उपयोग केला आहे. प्रत्यक्षात त्या त्रिकुटातील तिसरा तारा इतका दूर आहे की त्यास एका फेरीस काही लक्ष वर्षे लागतात व असला गोंधळ तेथे होत नाही. तिन्ही सूर्य जवळ आणणे ही लेखकाची सवलत.

जादूचीही किंमत असते

अद्भुतकथेत नियम नसतात, हा समज चुकीचा आहे. विज्ञानकथा व अद्भुतकथा यांतील फरक चिआंग यांनी एके ठिकाणी सुरेख सांगितला आहे. एखादी करामत कोणासही शिकता आली, तिचा कारखाना काढता आला, तर ते विज्ञान. ती एखाद्याच व्यक्तीच्या अंगी, तिच्या पुण्याईने किंवा इच्छेने वसत असेल, तर ती जादू. या कसोटीने पाहता परीस ही अद्भुतकथेतील वस्तू ठरते. पण परिसाचे भाव ठरून बाजारात दुकाने निघाली की आपण विज्ञानकथेत आलो.

अर्सुला ले ग्विन (मृत्यू २०१८) या प्रसिद्ध मानवशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांच्या कन्या. १९६८ साली आरंभ झालेल्या ‘अर्थसी’ या मालेतील द्वीपसमूहाचा नकाशा त्यांनी आधी काढला, कथा मागून आली. त्या जगात जो वस्तूचे खरे नाव जाणतो त्याची तिजवर सत्ता चालते. पण एका बेटावर मंत्राने पाऊस पाडला, तर त्याची भरपाई कोठेतरी दुष्काळाने होऊ शकते, म्हणून खरा जाणता मांत्रिक मंत्र क्वचितच वापरतो. ब्रँडन सँडरसन यांनी २००७ साली हाच विचार शिक्षकी पद्धतीने मांडला: लेखकास जादूने संकट सोडवावयाचे असेल, तर ती जादू वाचकास आधी जितकी समजली असेल तितकेच ते समाधान पटते. त्यांच्या एका कादंबरीत धातू गिळून दूरचे नाणे ढकलणारे लोक आहेत. ढकलणारा त्या नाण्याहून जड असला तर नाणे उडते; नाणे भिंतीस टेकलेले असले तर ढकलणाराच मागे फेकला जातो. न्यूटनचा तिसरा नियम येथे कोणी मोडलेला नाही.

एन. के. जेमिसिन यांचा प्रयत्न आम्हांस यांपैकी सर्वांत गंभीर वाटतो. खगोलशास्त्र लेखकांस शिकविण्यासाठी वायोमिंग विद्यापीठात ‘लाँच पॅड’ नावाचे एक शिबिर भरत असे. २००९ साली त्या शिबिरास त्या उपस्थित राहिल्या आणि त्यांच्या कादंबरीत्रयीची कल्पना तेथे उगवली. या त्रयीच्या तिन्ही भागांस २०१६, २०१७ व २०१८ अशी ओळीने ह्यूगो पारितोषिके मिळाली. तसे यापूर्वी कोणासही साधले नव्हते. सतत भूकंप होणाऱ्या एका भूमीवर काही माणसांच्या अंगी भूकंप थांबविण्याची शक्ती आहे. पण त्यासाठी लागणारी ऊर्जा कोठून तरी आली पाहिजे. ती भोवतालच्या उष्णतेतून येते. म्हणून शक्ती वापरताच आसपासचे गवत, पाखरे आणि प्रसंगी माणसेही गोठून मरतात. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम अद्भुतकथेत शिरताच तिचे स्वरूप कसे पालटले पाहा. ज्याच्यावाचून समाज तरत नाही त्याचीच समाजास भीती वाटते, म्हणून तो त्यास साखळदंडात ठेवतो. अन्यायाची ही सारी कथा त्या एका हिशेबातून उत्पन्न झाली आहे.

आपल्याकडील प्रयत्न

भारतात ही वाट फार जुनी आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९६ साली बंगालीत एक कथा लिहिली. तीत केशतैलाची बाटली समुद्रात ओतून वादळ शमविले जाते. तेल पसरल्याने पाण्याच्या लाटा मंदावतात या अनुभवाचे ते विनोदी ताणलेले रूप होते. मराठीत या प्रकारास प्रतिष्ठा मिळाली ती पुढे, आणि तिचा एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेस पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप असे होते. हे जगताप कोण ते कोणास ठाऊक नव्हते. मागून उघड झाले की, डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांनी आपल्या नावाची आद्याक्षरे उलट फिरवून हे नाव घेतले होते. नामवंत शास्त्रज्ञाचे नाव पाहून परीक्षकांचे मन झुकू नये, कथा कथा म्हणूनच तोलली जावी, हा त्यांचा हेतू.

कृष्णविवराची निवडही विचारपूर्वक केलेली दिसते. तेथे लेखकास सवलत फारशी मागावीच लागत नाही. कृष्णविवराच्या सीमेच्या बाहेर, केंद्रापासून सीमेच्या एक-तृतीयांश अधिक अंतरावर, कोणी स्थिर राहू शकला, तर दूरच्या घड्याळाच्या तुलनेने त्याचे घड्याळ निम्म्या गतीने चालेल, असे आइन्स्टाइनचा सिद्धांत सांगतो. अद्भुत वाटणारी गोष्ट येथे निसर्गानेच पुरविलेली आहे. नारळीकरांनी पुढे कथासंग्रह व कादंबऱ्या लिहिल्या आणि २०२१ साली नाशिक येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. २० मे २०२५ रोजी ते निवर्तले.

जेथे सवलत मागितलीच नाही

किम स्टॅन्ली रॉबिन्सन यांची ‘द मिनिस्ट्री फॉर द फ्यूचर’ ही कादंबरी २०२० साली निघाली. तिचे पहिले प्रकरण उत्तर प्रदेशातील एका लहान गावी घडते. उष्णतेची लाट, त्यात हवा दमट, वीज गेलेली, लोक तलावात जाऊन बसतात आणि तलावाचे पाणीही कोमट होत जाते. या प्रकरणात अशक्य असे काहीच नाही. म्हणूनच ते वाचवत नाही.

यामागील विज्ञान प्रत्येक शाळेने समजावून घ्यावे असे आहे. आपले शरीर घामाच्या बाष्पीभवनाने थंड राहते. हवा आधीच बाष्पाने भरलेली असेल तर घाम वाळत नाही. ही स्थिती मोजण्यासाठी तापमापकाच्या फुग्यास ओले फडके गुंडाळतात. पाणी उडून जाताना तो जितका थंड होईल ते ‘ओले तापमान’. विदर्भातील कोरड्या उन्हाळ्यात हवेचे तापमान ४५ अंश सेल्सियस व सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओले तापमान सुमारे २४ अंश भरते. घाम आपले काम करू शकतो. तेच ४५ अंश असताना आर्द्रता ५० टक्के झाली, तर ओले तापमान ३५ अंशांवर जाते. आपल्या त्वचेचे तापमानही साधारण ३५ अंशच असते. म्हणजे शरीरातील उष्णतेस बाहेर जाण्यास वाटच उरत नाही. सावलीत बसलेला, पाणी पीत असलेला धडधाकट मनुष्यही काही तासांत दगावेल. ही सैद्धांतिक मर्यादा २०१० साली एका शोधनिबंधात मांडली गेली व तिच्यावरच कादंबरीचे ते प्रकरण आधारलेले आहे.

कादंबरी प्रसिद्ध झाल्यानंतर, २०२२ साली, अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात तरुण व निरोगी माणसांवर सावधपणे प्रयोग करण्यात आले. दमट हवेत शरीराचे तापमान आटोक्याबाहेर वाढू लागण्याची वेळ ३५ अंशांपूर्वीच, सुमारे ३०-३१ अंश ओल्या तापमानाशीच येते, असे त्यांत आढळले. वृद्धांची व आजाऱ्यांची मर्यादा याहून खाली असणार. कादंबरीकाराने भीती वाढवून सांगितली असे ज्यांना वाटले होते, त्यांनी हे आकडे पाहावे. त्याचा आकडा प्रत्यक्षापेक्षा सौम्यच निघाला.

शाळेच्या व्हरांड्यात सावलीत दोन सारखे तापमापक शेजारी शेजारी टांगावे. एकाच्या फुग्यास मलमलीची पट्टी गुंडाळून तिचे टोक पाण्याच्या वाटीत सोडावे व पंख्याने किंवा पुठ्ठ्याने वारा घालावा. चैत्र-वैशाखात आणि पुन्हा पावसाळ्याच्या तोंडाशी, रोज दुपारी तीन वाजता, दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवावे.